ठिय्याकाकांची जागा

वळणापाशीच वास गाठायचा. कारखाना अजून दिसतही नसे. रस्ता गोदामांच्या मागून वळायचा आणि नाकाला कळायचं की आपण आलो. उकळलेल्या हाडांचा वास, कुबट कातड्यांचा वास आणि त्या सगळ्याखाली दडलेला एक गोडूस वास. त्या गोडूसपणाची साहेबांना सर्वांत जास्त किळस होती, कारण त्यानं तोंडाला पाणी सुटायचं आणि मग आपल्याच तोंडाची घाण वाटायची.

त्या सकाळीही साहेबांनी वळणाआधी स्कूटर बाजूला घेतली, निलगिरीचं तेल शिंपडलेला रुमाल खिशातून काढला आणि नाकावर बांधला. मागं बसलेला मेहुणा हसायला लागला.

"दाजी, आपण वेल्डिंगला चाललोय की दरोड्याला?"

साहेबांनी त्याच्यासाठीही एक रुमाल आणला होता. मेहुणा म्हणाला, मला धुराची सवय आहे. साहेब म्हणाले, धूर वेगळा आणि ही घाण वेगळी. पण ऐकेल तर तो मेहुणा कसला. रुमाल खिशातच राहिला.

साहेब म्हणजे कारखान्याचे सेफ्टीसाहेब. आग लागू नये, कुणाचा हात यंत्रात जाऊ नये, कुणी वरून पडू नये, हे बघायचं त्यांचं काम. उमेदीची सगळी वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात गेली होती. तिथून घरी आलं की शर्टाला लोण्याचा वास यायचा. तो कारखाना बंद पडला आणि उतारवयात या चरबीच्या कारखान्याची पायरी चढावी लागली. इथं शहरभरच्या खाटकांकडचा उरलासुरला माल यायचा, मोठमोठ्या बंद कढयांत शिजायचा आणि दाबयंत्रात पिळून निघायचा. चरबी साबणवाले न्यायचे, उरलेला चुरा कोंबड्यांच्या खाद्यात जायचा. बायकोनं जन्मभर त्यांना नाकानं कांदे सोलणारा माणूस म्हणून चिडवलं होतं. आता नेमकं हेच त्यांच्या वाट्याला आलं म्हणून तिला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. अंघोळ केल्याशिवाय मात्र ती त्यांना स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू देत नसे.

मेहुणा तिचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवला. लग्नात हंडे-परातींबरोबर हाही आंदण आला, असं साहेब चारचौघांत सांगायचे. स्वतःचं पोर झालं नाही, त्यामुळे दोघांचा सगळा जीव त्याच्यावर. पोरगा हुशार निघाला, वेल्डिंगमध्ये त्याचा हात बसला. कारखान्यातल्या वाफेच्या नळाला आतून भेग पडली आणि फोरमननं वेल्डर शोधायला सांगितलं, तेव्हा साहेबांनी त्याचंच नाव सुचवलं. निघताना बायको दारात उभी राहिली.

"तुमच्या भरवशावर धाडतेय हं. जसा नेताय तसाच आणून द्या."

साहेब म्हणाले होते, तो काय काचेचं भांडं आहे का.

तरी उरलेल्या रस्त्यात त्यांनी मेहुण्याला पुन्हा एकदा समजावलं. ठिणगी उंदरासारखी असते. समोर दिसली तर पायाखाली चिरडता येते. दिसेनाशी झाली, कुठल्या तरी फटीत शिरली, की आत बसून कुरतडत राहते. म्हणून वेल्डिंग चालू असताना तर माणूस बसवायचाच, पण ते संपलं तरी त्यानं उठायचं नाही. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं आणि नुसतं बघत राहायचं. त्याला पहारा म्हणतात.

"लागलेली आग कुणीही बघतो रे," साहेब म्हणाले. "पहारा बसतो तो लागायच्या राहिलेल्या आगीसाठी."

मेहुणा म्हणाला, हे तुम्ही शंभरदा सांगितलंय. आणि ते खरंच होतं.

त्या दिवशी कढया बंद ठेवल्या होत्या. एरवी यंत्रांच्या घरघरीत ती जागा निदान झाकली जायची. शांततेत ती सगळी उघडी पडली होती. वरच्या नळांच्या सांध्यांतून चरबीचा एखादा थेंब सुटायचा आणि फरशीवर टप्पकन पडायचा. छतातल्या काचांवर साठलेल्या ओशट थरातून ऊन पिवळं होऊन खाली यायचं. कठड्याला हात लावला की तो सोडवून घ्यावा लागायचा, आणि बुटाचे तळवे प्रत्येक पावलाला फरशीवरून उचकटून निघायचे. साहेब दोन्ही हात खिशात घालून चालत होते.

फोरमन दारापाशीच भेटला. जाडजूड माणूस, आणि गालांवर तेल लावल्यासारखी कायमची चकाकी. त्यानं साहेबांच्या रुमालाकडे पाहून मान हलवली.

"अजून वास येतो का साहेब? आमचं नाक कधीच मेलं. तुमचंही मरेल. मग बरं वाटतं."

काम कढयांच्या मागच्या खोलीत होतं. कढयांमधली वाफ ओढून छतावर सोडणारा पत्र्याचा जाडा नळ त्या खोलीतून आडवा जायचा. माणूस रांगत आत शिरेल एवढा मोठा. आत शिरायला एका टोकाला झडप होती. नळाला बाहेरून उबेसाठी लोकर गुंडाळलेली होती आणि तिच्यावर पुन्हा पत्र्याचं आवरण. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की नळ आतून वाफेनं आणि सोड्यानं धुऊन काढा आणि भेगेच्या आजूबाजूची लोकर सोलून टाका. फोरमननं तेवढं केलं होतं. पण खोलीत मात्र साहेब त्याआधी कधी शिरले नव्हते. दारातूनच डोकावून, श्वास कोंडून, परत फिरले होते. ती घाणच इतकी होती.

त्यांनी विचारलं, "पहाऱ्याला कोण?"

"पहारा बसलेलाच आहे," फोरमन म्हणाला आणि त्यानं कोपऱ्याकडे हनुवटी केली.

कोपऱ्यात एक लोखंडी खुर्ची होती. रिकामी. साहेबांनी आधी खुर्ची पाहिली आणि मग मागची भिंत.

त्या खोलीतल्या सगळ्या भिंतींवर वर्षानुवर्षांच्या वाफेनं चरबीचा थर बसला होता. बोटभर जाडीचा, पिवळा, त्यात धूळ रुतलेली, बारीक केस चिकटलेले, माश्या अडकून वाळलेल्या. पण खुर्चीमागच्या भिंतीवर, त्या थराच्या मधोमध, स्वच्छ जागा होती. खालचा निळा रंग तिथं नवा असावा तसा दिसत होता. आणि ती जागा बसलेल्या माणसाच्या आकाराची होती. गोल डोकं, एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला, बाजूला काढलेली कोपरं. साहेबांनी रुमाल नाकाशी घट्ट दाबून धरला.

फोरमननं मग सगळं सांगितलं. या खोलीत पहाऱ्याला एक म्हातारा बसायचा. एकदा बसला की भूकंप झाला तरी उठायचा नाही, म्हणून त्याला सगळे ठिय्याकाका म्हणायचे. तो भिंतीला पाठ टेकून बसायचा. वाफ सगळीकडे बसली, त्याच्या पाठीमागं तेवढी बसली नाही. मग एकदा याच नळात आग लागली. काकांनी हातातल्या लोखंडी पहारीनं नळावर ठोके घातले, माणसं बाहेर पळाली. कुणीतरी कढईची झडप बंद करायला हवी होती, तेव्हा काका मागं राहिले. झडप बंद झाली, पण कढईचं झाकण उडालं आणि उकळती चरबी खोलीभर पसरली. सगळं थंड झाल्यावर लोक आत आले. काका आपल्या खुर्चीतच होते. पांढरे. थिजलेले.

"खरवडून काढावं लागलं," फोरमन म्हणाला. गटार तुंबलं होतं हे सांगावं तितक्या सहज त्यानं ते सांगितलं.

त्यानंतर खोली धुतली, खुर्ची तिथंच राहिली. कढया चालू झाल्या, भिंतीवर पुन्हा थर चढायला लागला. तेवढी जागा सोडून. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणीच त्यावर बोललं नाही. हळूहळू पहाऱ्याला माणूस लावणं बंद झालं. काम निघालं की फोरमन म्हणायचा, काका आहेत. आणि खरंच, तेव्हापासून आग लागली नव्हती.

"मग जिवंत माणूस फुकट कशाला अडकवायचा?" तो म्हणाला.

साहेबांना भिंतीची किळस आली होती, पण त्याहून जास्त या माणसाची आली. मेल्यावरही ज्याला हे लोक सुट्टी देईनात, त्याच्या नावावर आपली हयगय खपवतात, आणि वर चकचकीत गालांनी हसतात. त्यांनी रुमाल खाली ओढला.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ऐकलं होतं. तुम्ही तर बंबाच्या जागी मेलेला माणूस बसवलात."

त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. भिंत धुवायची. खुर्ची भंगारात टाकायची. हे झाल्याशिवाय मेहुणा नळात शिरणार नाही. फोरमननं एका उंच, वाकलेल्या कामगाराला हाक मारली. त्याला सगळे लांब्या म्हणायचे. लांब्यानं गरम सोड्याचं पाणी आणलं आणि खरडायला सुरुवात केली. भिंतीवरचा थर लाद्यांसारखा सुटून खाली पडत होता, आणि पडताना ओला, जड आवाज करत होता. माणसाची आकृती आधी एका बाजूनं फुटली, मग दुसऱ्या बाजूनं, आणि शेवटी सगळी भिंत एकसारखी निळी झाली. खुर्ची बाहेर ओढत नेली.

फोरमन चिडला नाही. तो फक्त त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

"धुवा साहेब, तुमचंच राज्य आहे. पण आता ते बसतील कुठं, तेवढं सांगा."

साहेब म्हणाले, इथं लांब्या बसेल.

प्लास्टिकचं एक स्टूल आणलं. लांब्या त्यावर बसला, शेजारी नळकांडं घेतलं आणि मान ताठ करून नळाकडे बघायला लागला. मेहुण्यानं चामड्याचे हातमोजे चढवले, तोंडावर काच घेतली, साहेबांकडे बघून उगीचच एक सलाम ठोकला आणि झडपेतून रांगत आत गेला. आत निळा उजेड फडफडायला लागला. झडपेतून त्याच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते.

साहेब झडपेपाशी उभे राहिले. उभं राहायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण नळ तापला तसा त्याच्या पोटात उरलेला ओशटपणा वितळायला लागला. धुतलेल्या भिंतीचाही वास निघत होता, फरशीवरच्या लाद्यांचाही, आणि सगळ्यांच्या वर तो गोडूस वास, गरम, दाट, घशात बसणारा. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांच्या मनात आलं की या खोलीत शेवटचं काय शिजलं होतं, आणि मग त्यांना थांबता येईना. लांब्याला त्यांनी बजावलं की डोळा हलवायचा नाही, आणि मागच्या दारातून अंगणात धावले.

भिंतीशी वाकून ते ओकले. सकाळचा चहा गेला, मग काहीच उरलं नाही, तरी ओकारी थांबेना. आणि मग एकदम सगळं थांबलं. वास गेला होता. त्यांनी नाकानं जोरात हवा ओढली, काहीच नाही. रुमाल नाकाला लावला, निलगिरीसुद्धा नाही. नुसतं ओलं कापड. त्यांना इतकं बरं वाटलं की ते पाण्याच्या नळाखाली तोंड धूत जरा जास्तच वेळ उभे राहिले.

तेव्हा ठोके ऐकू आले.

लोखंडावर लोखंड. सावकाश, एकसारखे, घाई नसलेल्या माणसाचे. साहेबांना वाटलं मेहुणा आतून काहीतरी मागतोय. ते हात पुसत दारात आले आणि तिथंच थबकले. स्टूल रिकामं होतं. नळकांडं जमिनीवर आडवं पडलं होतं. ठोके नळाच्या आतून येत नव्हते. ते स्टुलाच्या डोक्यावर, नळाच्या बाहेरच्या पत्र्यावर पडत होते. दर ठोक्याला पत्रा थरथरताना दिसत होता, आणि तिथं कुणीच नव्हतं.

मग त्यांना धूर दिसला. भेगेपासून पुढं, जिथली लोकर कुणी सोललीच नव्हती, तिथल्या पत्र्याच्या सांध्यांतून पिवळा, जड धूर खाली सरपटत येत होता. चरबीनं भिजलेल्या लोकरीत ठिणगी शिरली होती. पेटलेला एक थेंब सुटून फरशीवर पडला आणि तिथंच जळत राहिला. आणि साहेबांना, ज्यांच्या नाकाची घरीदारी चेष्टा व्हायची त्या साहेबांना, काहीच वास येत नव्हता.

ते ओरडले. आत निळा उजेड तसाच फडफडत होता. वेल्डिंगच्या आवाजात मेहुण्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. साहेबांनी नळकांडं उचललं. झडप अजून लांब होती.

तेवढ्यात मेहुण्याचे बूट हलले. तो रांगत मागं येत नव्हता. त्याचे गुडघे सरळ होते, पोट नळाला टेकलेलं, दोन्ही हात पुढं फेकलेले, आणि तो पायांकडून ओढला जात होता. गोणी ओढावी तसा. झडपेतून तो बाहेर आला, फरशीवर आपटला, आणि त्याच्या मागून नळाच्या पोटात आगीचा लोळ भपकन गेला.

पुढचं सगळं धावपळीत झालं. फोरमन आला, लांब्या आला, झडपा बंद झाल्या, चार-पाच नळकांडी रिकामी झाली. पत्रा फोडून जळकी लोकर ओढून काढली. आग विझली. मेहुणा अंगणात एका उलट्या बादलीवर बसला होता, तोंड काळं झालेलं, पण अंगावर साधा चटकासुद्धा नव्हता. साहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जे त्यांनी तो लहान असतानाही कधी केलं नव्हतं.

"बरं झालं ओढलंत दाजी," मेहुणा म्हणाला. "पण हात केवढे गार हो तुमचे."

साहेब त्याच्याजवळ पोचलेच नव्हते. ते खाली वाकले. मेहुण्याच्या एका घोट्याभोवती, पँट वर सरकली होती तिथं, पांढरी चरबी लागली होती. त्या खोलीत एकूणएक गोष्ट वितळून गळत होती, आणि ही मात्र घट्ट थिजलेली, गार. पाच बोटं स्पष्ट उमटलेली. साहेबांनी ती रुमालानं पुसून काढली. तिच्याखालची कातडी चांगलीच तापलेली होती. नळातून आलाय, तापणारच, असं त्यांना वाटलं.

लांब्याला त्यांनी शिव्या घालायच्या बाकी ठेवल्या नाहीत. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

"चहाला गेलो होतो साहेब. काका आले होते ना."

"कोण आलं होतं?"

"बोलले काही नाहीत. नुसते समोर येऊन उभे राहिले. त्यांची जागा आहे, म्हणून मी उठलो."

त्यानंतर कारखान्यात पहाऱ्याला नेहमी जिवंत माणूस बसायला लागला. फोरमननं एकदाही कुरकुर केली नाही. कढया चालू झाल्या, आणि साहेब आता रोज मागच्या खोलीत जाऊन त्या कोपऱ्यात उभे राहायचे. भिंतीवर पुन्हा ओशट थर धरायला लागला होता. वर, खाली, मधोमध, सगळीकडे सारखा. मोकळी जागा कुठंच राहिली नाही. एकदा फोरमन त्यांच्या मागं येऊन उभा राहिला, भिंत पाहिली आणि म्हणाला, "गेले ते." आणि असं म्हणताना त्यानं साहेबांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू साहेबांनीच काहीतरी पिशवीत घालून घरी नेलंय.

साहेबांचं नाक परत आलं नाही. फोरमन म्हणाला होता तसं बरं मात्र वाटलं नाही. जेवण तोंडात माती घातल्यासारखं लागायचं. बायको दारातच नाक मुरडून त्यांना अंघोळीला पिटाळायची, आणि त्यांना स्वतःला कळायचंही नाही की आपण किती घाण होऊन आलोय. रुमाल बांधणं त्यांनी सोडून दिलं. वळण कधी गेलं तेही समजायचं नाही.

मेहुणा घरीच होता. धक्का बसलाय, थोडी विश्रांती घेऊ दे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याचं अंग कढत लागायचं, पण ताप मोजावा तर ताप नसायचा. तो तांब्यावर तांबे पाणी प्यायचा, अंगावरची चादर लाथाडायचा, आणि बहिणीशी नेहमीसारखी थट्टाही करायचा. एकदाच तो साहेबांना म्हणाला, "दाजी, मला अजून नळातच असल्यासारखं होतं." साहेब म्हणाले, होईल बरं. ठिणगीचा विषय त्यांनी काढला नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी बायकोनं त्यांना हाक मारली. मेहुणा जेवून झोपला होता, आणि ती त्याच्या खोलीची झाडझूड करायला गेली होती.

"अहो, जरा इकडे या. तुम्ही तुमचे ते कपडे इथं ठेवता का?"

साहेब म्हणाले, नाही. त्याच्या खोलीत ते कपडे कशाला ठेवतील.

"मग ही भिंत अशी चिकट कशी? बघा ना हात लावून. शी."

खाटेच्या समोरची भिंत होती. साहेबांना आधी काहीच दिसलं नाही. मग ते खिडकीपाशी गेले आणि उजेडात तिरकं पाहिलं. भिंतीवर ओशटपणाची झिलई होती, कागदाहूनही पातळ, आणि तिच्या मधोमध कोरडी, स्वच्छ जागा. गोल डोकं. एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला. बाजूला काढलेली कोपरं. पण ती आकृती जमिनीलगत होती. इथं खुर्ची नव्हती, म्हणून काका खालीच बसले होते.

बायकोनं सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि पिळलं. साहेबांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

"राहू दे काय? किती घाण आहे..."

त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचं डोकं नेहमीच्या वाटेनं धावत होतं, इथं पेटण्यासारखं काय: गॅसची टाकी पलीकडच्या खोलीत, विजेचा बोर्ड दारामागं, शेगडी बंद. त्यांनी एकेक करून सगळीकडे पाहिलं. यातलं काहीच त्या भिंतीसमोर नव्हतं. समोर फक्त खाट होती. खाटेवर मेहुणा पालथा झोपला होता, आणि त्याचे तळवे चादरीच्या बाहेर आले होते.

साहेब स्वयंपाकघरात गेले. तिथली लाकडी खुर्ची उचलून त्यांनी आणली आणि भिंतीला पाठ लावून ठेवली.

"ही कुणासाठी?" बायकोनं विचारलं.

साहेब खाटेकडे वळले. "अगं, तुला कसला वास येतोय का?"

"तुमचा येतो तो येतोय."

"तो सोडून..."

तिनं मान वर केली. भिंतीकडे नाक नेलं, मग दाराकडे. मग ती सावकाश खाटेकडे वळली आणि भावाच्या पाठीवर वाकली. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. सरळ झाली तेव्हा तिनं हातानं तोंड दाबून धरलं होतं.

"काहीतरी धुमसतंय," ती म्हणाली. "हळूहळू... आत कुठंतरी." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "अहो, मी दिला होता तसाच आणलात ना याला?"

मेहुणा झोपेत कण्हला आणि त्याचा पाय किंचित मागं सरकला. साहेबांनी खाली पाहिलं. घोट्याभोवती पांढरी, थिजलेली चरबी होती, पाच बोटांची, नुकतीच लागलेली.